डबल बेलशिवाय गोळी नाही

मी पडले ती पाण्यामुळे. आमच्या कॉलनीत नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणच असतो. त्या दिवशी कुणी लग्नाकार्यालासुद्धा जात नाही. खाली मोटर लावायची आणि वर चढून टाकी भरली का ते बघायचं, यातलं चढायचं काम माझ्याकडे असे. मी शाळेत खेळाची शिक्षिका. पोरींना खो-खोत खांबाला वळसे घालायला आणि पालथा सूर मारायला शिकवण्यात उमेदीची वर्षं गेलेली, मला शिडीची काय भीती! शिडी ओली होती. पाय सटकला आणि जिन्यावरच्या टाकीच्या स्लॅबवरून मी खाली गच्चीच्या कठड्यावर पाठीवर आदळले.

वेदना नंतर आली. आधी कळलं ते हे, की पाय समोर दिसताहेत, पण ते माझे वाटत नाहीत.

शेजारी धावत आले. कुणी काखेत हात घातला, कुणी पाय धरायला गेलं. तेवढ्यात माझे सासरे जिन्यातून ओरडले, "कोनी हात लावू नका तिला! फळी आना आधी!" आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामा एसटीवर ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन आमच्याकडे राहत होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा जीव या घरात. त्यांनी रस्त्यावरचे अपघात पाहिलेले. त्यांनीच मला फळीवर घेऊन खाली उतरवलं आणि वाटभर "डोळे उघडे ठिव" म्हणत राहिले. मामांबद्दल पुढे जे सांगणार आहे, ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

सांगता येणार नाही

डॉक्टर तरुण होते, आवाज मऊ. मणका मोडलाय, आतल्या मज्जारज्जूला मार बसलाय, ऑपरेशन करून मणका स्थिर करू, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "शाळेच्या क्रीडा महोत्सवापर्यंत उभी राहीन ना?"

"मॅडम, पायांचं आत्ता काही सांगता येणार नाही."

मला संताप आला. माझ्या मैदानावर एखादी पोरगी "सांगता येणार नाही" म्हणाली असती, तर मी तिला चक्कर मारायला पाठवलं असतं. मी तारीख मागत होते. सहा महिने म्हणा, वर्ष म्हणा, मी ते पळून काढते. पण ते सज्जन गृहस्थ खोटं बोलायला तयार नव्हते. माझे यजमान विजय भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान वळवली. तोवर मी नुसती पडले होते. घाबरले ती त्या क्षणी.

पोळी नव्हे, लाकूड

पाठीच्या कण्याचा पेशंट म्हणजे हॉस्पिटलच्या दृष्टीने एक वळवायची वस्तू. ठरलेल्या वेळाने कुशीवर, मग पाठीवर, मग दुसऱ्या कुशीवर. नाहीतर एका जागी दाब पडून कातडी सडते, आणि सडलेली मला कळणारही नाही. वळवायला तिघं लागत. आमच्या वॉर्डातल्या सिस्टर शबाना डोक्याशी उभ्या राहून हुकूम सोडायच्या. शहागंजात वाढलेल्या, मराठी-हिंदी एका पातेल्यात शिजवणाऱ्या.

"मॅडम, एकदम अकड के रहो. तुम्हाला पोळीसारखं नाही पलटायचं, लाकडासारखं पलटायचंय. कमरेत वळाल तर माझ्याशी गाठ आहे."

मी म्हणाले, "सिस्टर, शाळेत हा आवाज माझा असतो."

"तर मग इथं चूप बसून बघा, कसं वाटतं."

माझी आई लासूर स्टेशनहून आली होती. एका दुपारी माझे पाय गार लागले म्हणून तिने गरम पाण्याची पिशवी भरून तळव्यांशी ठेवली. आईने दुसरं काय करावं? शबाना सिस्टरनी ती लांबूनच पाहिली आणि धावत येऊन काढून घेतली. "मावशी, यांना चटका लागलेला कळणार नाही. कातडी सोलून निघाली तरी या हसत गप्पा मारतील!" आई बाथरूममध्ये जाऊन रडून आली. नंतर तिने माझे केस विंचरले, तेल लावलं, घट्ट वेणी घातली. कमरेच्या वरचं सगळं अजून माझं होतं, आणि तिथे तिचा हात फिरत होता. त्या महिन्यातलं सगळ्यात मोठं सुख सांगा म्हणाल तर ती वेणी.

आणखी एक गोष्ट मी तिथे पडल्यापडल्या पाहिली. पोटात टोचायच्या इंजेक्शनची वेळ झाली की दोन सिस्टर यायच्या. एक बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायची, दुसरी कागदाशी ताडून होकार द्यायची, मग माझं नाव मलाच विचारायच्या. रोज. मी वैतागून म्हणाले, "अहो, माझं नाव काय रातोरात बदलतंय का?"

"मॅडम, मला सगळं येतं," शबाना सिस्टर म्हणाल्या. "येतं म्हणूनच बोलून करते. नवीन पोरगी घाबरून दहा वेळा बघते. घसरतो तो सवयीचा हात."

मामा स्टुलावर बसले होते. त्यांना ते फार पटलं. "आमच्यात बी असंच. कंडक्टरची डबल बेल व्हत नाय तोवर गाडी हलवायची नाय. समोर रस्ता कितीबी मोकळा असू दे. मागं म्हातारं मानूस पायरीवर हाय का, ते ड्रायव्हरला थोडंच दिसतंय?"

"बरोबर दादाजी. मग वाजवू बेल?" असं म्हणून सिस्टरनी सुई टोचली.

मिसळणाचा डबा

घरी आले तेव्हा घरात कामांची वाटणी झाली. विजय वाळूजच्या कंपनीत शिफ्टला. उचलणं-ठेवणं, फिजिओथेरपी त्यांच्याकडे. अंग पुसणं, कुशी बदलणं, लघवीची नळी, आणि आरशाने पाठ नि टाचा तपासणं आईकडे. कुठे लालसर डाग दिसला की ती मला त्या कुशीवर टेकूच द्यायची नाही. औषधं मामांनी आपणहून मागून घेतली. "वेळेचं मला सांगू नका. जल्मभर टाइमटेबलवर गाडी चालवलीय."

आणि चालवलीही. सासूबाईंचा मिसळणाचा डबा त्यांनी घासूनपुसून घेतला आणि पाकिटं फोडून सगळ्या गोळ्या त्याच्या वाट्यांमध्ये काढल्या. हळदीच्या जागी दुखण्याची, मोहरीच्या जागी पोटाची, धण्याच्या जागी कॅल्शियमची. कितीही घासला तरी डबा डबाच. माझ्या गोळ्यांना जिऱ्याचा वास यायचा. तेव्हा आम्हाला त्याचं कौतुकच होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना तो डबा उघडून दाखवला जायचा. गोळीचं नाव पाकिटावर असतं, आणि पाकीट कचऱ्यात गेलं की गोळी मुकी होते, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मग एका सकाळी मामा चहा घेऊन आले आणि कप हातातच धरून थांबले. चादरीखाली माझा उजवा पाय उडाला होता. पुन्हा उडाला.

"हालला! विजू, हालला रे!"

घरात दिवाळी झाली. आईने दृष्ट काढली. विजयने पायाचा व्हिडिओ वैजापूरपासून अजिंठ्यापर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पेढे आले. मी सगळ्यात वेडी झाले होते. चादर बाजूला करून मी पायाकडे टक लावून बसायचे आणि मनात शिट्टी वाजवायचे, चल, उठ. तो माझ्या शिट्टीला उठायचा नाही. त्याच्या लहरीने उठायचा. मी ते पाहत होते, पण कबूल करत नव्हते.

डॉक्टरांनी तपासून हळूच सांगितलं की ही हालचाल म्हणजे सुधारणा नव्हे. मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, म्हणून पाय आपले आपणच झटके देतात. झटक्यांनी कातडी घासेल, खुर्चीतून पडाल. त्यांनी एक गोळी सुरू केली, थोडी थोडी वाढवत नेली. पाय शांत झाले. घरही शांत झालं, कुणीतरी पाहुणा न सांगता निघून जावा तसं.

मामांना ते सहन होईना. ते रोज सकाळी पायाशी येऊन बसायचे. "आजबी नाय." एकदा म्हणाले, "पोरी, इंजिन आत्ता कुठं धरायलं व्हतं, आन् ह्ये डॉक्टर ब्रेकवर पाय ठिऊन बसले."

मी हसले. "मामा, गाडी डॉक्टरांची आहे."

"गाडी तुझी हाय," ते म्हणाले, आणि उठून गेले.

खोलीत खो-खो

पुढचं सगळं मला धड आठवत नाही. एवढं आठवतं की पाय पुन्हा उडू लागले. आधी थोडे, मग असे ताठरायचे की दोघांनी धरूनही वाकत नसत. मामा आणि आई एकमेकांकडे बघून हसलेलं आठवतं. मग अंगभर खाज सुटली, अंग भाजायला लागलं. आणि मग माझ्या शाळेच्या पोरी खोलीत आल्या. भिंतीला लागून खो-खोच्या पाटीवर बसल्या, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. मी त्यांना "खो" म्हणून ओरडत होते आणि एकही उठत नव्हती.

आईने नंतर सगळं सांगितलं. दुपारी मला परत त्याच हॉस्पिटलात नेलं. लघवीची नळी असलेल्या बाईला ताप आला म्हटल्यावर सगळ्यांचा संशय जंतुसंसर्गावर. रक्त काढलं, लघवी तपासायला पाठवली. डॉक्टरांनी विचारलं, "औषधं सगळी चालू आहेत ना? एखादी बंद केली?"

"एकही नाही," विजय म्हणाले. "आमचे वडील घड्याळ लावून देतात."

मामा दाराशी उभे होते. सलाईन लागलं, ताप उतरेना, पाय लोखंडासारखे. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. शबाना सिस्टर बाजूलाच होत्या, त्यांनी मामांकडे पाहिलं असं आई म्हणते. मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, पायाची गोळी म्या बंद केली. गेल्या मंगळवारपासून. वाटीतून उचलायचीच सोडली. मला वाटलं, पाय धरतील."

ती गोळी एकदम थांबवली तर शरीर असं पेटून उठतं, जिवावरही बेतू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी लगेच ती पुन्हा सुरू करायला सांगितली आणि सगळ्या उपचाराची दिशा बदलली. विजयचा मात्र तोल गेला. वडिलांच्या अंगावर धावून जात ते ओरडले, "मारून टाकलं असतं तुम्ही तिला!"

सिस्टर शबाना मध्ये आल्या. "साहेब, चिल्लाना बाहर. दादाजी बोलले म्हणून रस्ता सापडला. गप्प राहिले असते तर आम्ही अजून शोधत बसलो असतो, आणि या मॅडम हातच्या गेल्या असत्या."

मामांची टोपी हातातच होती. मी शुद्धीवर येते आहे एवढं कळेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि मग कुणाला न सांगता वैजापूरला धाकट्या भावाच्या घरी निघून गेले.

राग

मला राग आला का, असं पुष्कळ जणांनी विचारलं. आला. खूप आला. अंथरुणावर पडलेल्या माणसाकडे रागावायला भरपूर वेळ असतो.

पण मी राग नीट तपासला तेव्हा तो गोळी बंद केल्याचा निघालाच नाही. त्यांना जे वाटलं तेच मलाही वाटलं होतं. पाय उडाले की माझंही काळीज उडायचं. राग होता तो मला न विचारल्याचा. पडल्यापासून सगळे माझ्यासाठी झिजत होते आणि माझ्या डोक्यावरून बोलत होते. "हिला वळवा." "हिला खायला घाला." "हिची गोळी द्या." तळहातावर पाच-सहा गोळ्या यायच्या, मी "आ" करायचे आणि गिळायचे. कुठली कशाची, मला पत्ता नसायचा. पाय माझे, गोळी माझी, आणि एवढ्या मोठ्या निर्णयात मीच नव्हते.

इकडे औषधांचं गाडं कोलमडलं होतं. विजय शिफ्टहून येईपर्यंत दुपारची गोळी राहून जायची. आईला बारीक अक्षर दिसत नव्हतं. बापलेक फोनवरही बोलत नव्हते. विजय जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. एकदा म्हणाले, "मी तसं बोलायला नको होतं." मी म्हटलं, "मला काय सांगता? वैजापूरला सांगा." त्यांच्याने होईना. मग फोन मीच लावला. चुलतसासऱ्यांनी तो मामांच्या हातात दिला.

"मामा, परत या."

"नगं पोरी. माझ्या हातात आता गोळी दिऊ नको."

"गोळी तुम्हीच द्यायची."

"म्या तुला मारत व्हतो गं." त्यांचा आवाज फुटला. मी त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. मी माझा शाळेतला आवाज काढला.

"मामा, तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवली. कंडक्टरला न विचारता कधी हलवली?"

"नाय."

"मग या वेळी कशी हलवली?"

"कंडक्टर झोपला व्हता म्हनलं," ते म्हणाले.

"झोपला नव्हता. त्याला कुणी बेलच दिली नव्हती. आता बेल माझ्याकडे. या तुम्ही."

बेल

मामा वैजापूरहून आले ते सायकलची घंटी घेऊनच. लहान पोरांच्या सायकलची, चकचकीत. विजयला स्टँडवर घ्यायला पाठवलं होतं. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, पण आल्यावर पाना-पक्कड घेऊन बापलेकांनी मिळून ती माझ्या व्हीलचेअरच्या हाताला बसवली.

मिसळणाचा डबा स्वयंपाकघरात परत गेला. गोळ्या आता पाकिटातच राहतात, नावासकट. वेळ झाली की मामा चष्मा लावून पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरतात आणि मोठ्याने नाव वाचतात. इंग्रजी नावांची ते पार वाट लावतात. मग सांगतात, "पायाची. सकाळची." मी वाचते, कशाची आहे ते माझ्या तोंडाने सांगते आणि दोनदा घंटी वाजवते. मग गोळी. औषध वाढवायचं, कमी करायचं, बंद करावंसं वाटलं तरी तो फोन आधी डॉक्टरांना जातो, आणि तो मी लावते. शबाना सिस्टर तपासणीच्या दिवशी भेटल्या तेव्हा मामांनी त्यांना घंटी वाजवून दाखवली. "दादाजी, हमारे वॉर्ड में भी लगवा दो," त्या म्हणाल्या.

तुमच्या घरात असं कुणी आडवं असेल तर माझं एवढंच सांगणं आहे: त्याच्या तोंडात काय चाललंय ते त्याला विचारून जाऊ द्या. आणि घरातलं कुणी चुकलं, तर ते त्याला सांगता येईल असं घर ठेवा. मामा त्या दिवशी विजयला घाबरून गप्प राहिले असते, तर हे लिहायला मी नसते.

पायांचं म्हणाल, तर ते उठले नाहीत. मी आता दुपारी शाळेत जाते. खुर्ची मैदानाच्या कडेला लावून शिट्टी फुंकते, आणि पोरी माझ्या शिट्टीला उठतात. सुरुवातीला ते बघून रडू यायचं, अजूनही एखाद्या दिवशी येतं. यायचंच.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. महिन्याची औषधं मामा नेहमीच्या दुकानातून घेऊन आले. सकाळी पाकीट धरलं, नाव वाचलं, "पायाची." नाव तेच होतं. मी वाचायला लागले आणि नावापुढच्या आकड्यावर अडखळले. तो नेहमीच्या दुप्पट होता. गोळी मामांच्या चिमटीत, हात माझ्याकडे निघालेला.

मी एकदाच घंटी वाजवली.

सिंगल बेल म्हणजे थांबा. मामांचा हात जागच्या जागी थिजला, आणि खरं सांगते, त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. इतक्या वर्षांनी. त्यांनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, चपला घातल्या आणि दुकानाकडे गेले.

परत आले ते घाम पुसत. नवं पाकीट माझ्यासमोर धरलं. नाव वाचलं. आकडा वाचला. "पायाची. सकाळची." मग हात पुढे करून उभे राहिले, माझ्याकडे बघत. रस्ता मोकळा होता, पण ते हलले नाहीत.

मी दोनदा घंटी वाजवली.